घार, गिधाड आणि मेलेल्यांची मने
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

थोरामोठ्यांची लोकप्रिय चरित्रे वाचताना 'त्याच्या मनात खोलवर कुठेतरी' अशा धाटणीची वाक्ये हटकून भेटतात. ती किती खरी मानायची, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. जुनी साधने हाताळणारे आणि मानसोपचार जाणणारे, अशा दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : न्यूटन तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि त्याला आजीकडे ठेवले. त्या जखमेतूनच त्याचा संशयी, भांडखोर स्वभाव घडला, असे एका चरित्रात वाचले. हे पटण्यासारखे आहे. मग इतिहासकार नाक का मुरडतात?

पटण्यासारखे आहे, हीच तर अडचण. घटना खऱ्या आहेत. न्यूटन 1642 च्या डिसेंबरात जन्मला, बाप त्याआधीच वारला होता, आईने पुढे लग्न केले, आणि तो दहा वर्षांचा असताना ती दुसऱ्यांदा विधवा होऊन परतली. पुढच्या आयुष्यात त्याने हूक आणि लाइब्निझ या समकालीन विद्वानांशी कडाक्याची भांडणे केली, हेही खरे. फक्त या दोन टोकांना जोडणारा 'त्यामुळे' कोणत्याही कागदात नाही. तो लेखकाने घातला आहे.

आता भांडणातल्या दुसऱ्या पक्षाकडे बघा. लाइब्निझचा बाप वारला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. हूकचा बाप वारला तेव्हा हूक तेरा वर्षांचा. हूकचे घड्याळाच्या स्प्रिंगवरून ज्याच्याशी वाजले त्या हायगेन्सची आई तो आठ वर्षांचा असताना गेली. चौघांनी बालपणी आई किंवा बाप गमावला होता, कारण त्या शतकात ही अपवादाची गोष्टच नव्हती. जे कारण सगळ्यांना लागू पडते ते एकाचा वेगळेपणा सांगू शकत नाही. शिवाय शोध आधी कोणाचा हे ठरवायची नीट पद्धत तेव्हा बसलेली नव्हती. लोक शोध वर्षानुवर्षे दडवून ठेवत, कूटाक्षरांत नोंदवत आणि मग भांडत. भांडणाचे हे कारण आईपेक्षा जवळचे आहे.

याच विषयात 1662 ची पापांची यादी हमखास पुढे केली जाते. एकोणीस वर्षांच्या न्यूटनने ती लघुलिपीत लिहिली. सावत्र बाप आणि आई यांना घरासकट जाळण्याची धमकी दिल्याचे पाप तिच्यात आहे, आणि चरित्रकार तेवढी एक ओळ उचलतात. पण त्याच यादीत 'तुझ्या घरात' म्हणजे चर्चमध्ये सफरचंद खाल्ल्याचे पाप आहे. 'तुझ्या दिवशी', रविवारी, पाणी उडवल्याचे आणि उंदराचा सापळा केल्याचेही आहे. म्हणजे हा कागद कडक धार्मिक शिस्तीतल्या आत्मपरीक्षणाचा आहे, आणि त्या साच्यात बारीकसारीक गोष्टही पाप म्हणून खरडायचीच असते. धमकीची ओळ खोटी ठरत नाही. तिचे वजन मात्र यादी पुरी वाचल्यावरच कळते.

प्रश्न : चित्रकार लिओनार्दो दा विंचीवर लिहिताना मनोविश्लेषक फ्रॉइडने एका शब्दाची चूक केली म्हणतात. एका शब्दाने असे काय बिघडले?

बरेच काही. लिओनार्दोच्या वहीत एक आठवण आहे : पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्याने शेपटीने आपले तोंड उघडून ओठांवर शेपटी मारली. मूळ इटालियन शब्द 'निब्बिओ', म्हणजे घार. फ्रॉइडच्या हातातल्या जर्मन भाषांतरात तिचे 'गायर' झाले होते, म्हणजे गिधाड. 1910 च्या निबंधात त्याने गिधाडावर इमारत रचली : इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता मूत, गिधाडे फक्त माद्या असतात आणि वाऱ्यापासून गर्भ धरतात ही जुनी समजूत, तिथून बापाविना वाढलेले मूल, आणि तिथून त्या मुलाची चित्रे आणि प्रेमजीवन. पुढे एका अनुयायाला लिओनार्दोच्या चित्रातल्या वस्त्राच्या घड्यांत गिधाडाचा आकारही दिसला! गिधाड शोधायला बसले की गिधाड सापडते.

शब्द दुरुस्त करताच तळमजला निघून जातो, कारण मूत देवीचा घारीशी संबंध नाही. पण शब्दाची चूक पकडून थांबणे पुरेसे नाही. कलेतिहासकार मेयर शापिरो यांनी 1956 साली त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. ही नोंद पक्ष्यांच्या उड्डाणाच्या अभ्यासात येते, आणि घार शेपटीने दिशा कशी वळवते हा लिओनार्दोचा जिव्हाळ्याचा विषय होता. शिवाय पाळण्यातल्या मुलाच्या तोंडाशी प्राणी येऊन भविष्य सुचवतो, ही प्राचीन कथांतली ठरलेली खूण आहे. मायडस राजाच्या तोंडात मुंग्यांनी धान्य ठेवले, प्लेटोच्या ओठांवर मधमाश्या बसल्या, तशी लिओनार्दोकडे घार आली. 'पक्ष्यांवर लिहिणे माझ्या नशिबीच होते' एवढेच तो म्हणतो आहे.

तेव्हा तपासाचा क्रम असा : मूळ भाषेतला शब्द, मग त्या पानावरच्या आजूबाजूच्या नोंदी, मग तशाच कथा इतरत्र आहेत का, आणि मन सगळ्यांत शेवटी. फ्रॉइड उलट्या बाजूने आला.

प्रश्न : मी एका समाजसुधारकाचे चरित्र लिहीत आहे. 140 पत्रे मिळाली आहेत. माणसाच्या मनाबद्दल अवाक्षर काढायचे नसेल तर चरित्र कसले, ते तर कारकिर्दीचे टाचण!

अवाक्षर काढू नका असे कोणीच म्हणत नाही. मनापर्यंत जायची वाट कागदांतून जाऊ द्या, एवढेच.

पहिल्या वाचनात स्वभावाबद्दल एक अक्षरही टिपू नका. प्रत्येक पत्राची फक्त ही नोंद करा : हस्ताक्षर कोणाचे, कोणाला लिहिले, तारीख, पाठवलेले पत्र की मसुदा, कागद कोणाच्या घरातून आला, आणि छापील असेल तर संपादकाने काय गाळले. पत्रामागे वीस मिनिटे धरली तर 140 पत्रांना सुमारे 47 तास लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण वाचकाला फसवणाऱ्या निम्म्या गोष्टी इथेच उघड्या पडतात. 'विधवेने दिलेली पत्रे' आणि 'विरोधकाच्या दप्तरात सापडलेली पत्रे' यांतून दोन वेगळे पुरुष उभे राहतात.

मग महिन्यांचा तक्ता करून पत्रे त्यावर मांडा. रिकाम्या जागा दिसतील. तिथे 'या काळात तो अबोल, खिन्न झाला' असे लिहायचा मोह होतो. सांभाळा. माणसे एकमेकांपासून लांब असतात तेव्हा पत्रे लिहितात. नवराबायकोच्या पत्रांत हुरहूर ओसंडते, कारण पत्रे आहेत तीच विरहाच्या महिन्यांतली. एका छपराखालच्या वर्षांचा कागद उरत नाही. रिकामा महिना बहुधा ते एकत्र होते एवढेच सांगतो, किंवा पेटीला वाळवी लागली होती हे.

पुढचे काम साच्याचे. त्याच दशकातली, त्याच प्रकारची, इतरांनी लिहिलेली निदान वीस पत्रे वाचा, मगच तुमच्या नायकाच्या शब्दांना अर्थ लावा. 1804 च्या जून महिन्यात अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एरन बर या अमेरिकी राजकारण्यांत पत्रे गेली, त्यांचा शेवट 'आपला आज्ञाधारक सेवक' असा होतो. 11 जुलैला बरने हॅमिल्टनला द्वंद्वात गोळी घातली. मायन्यावरून नम्रता, न्यूनगंड किंवा ढोंग काढणारा इथे तोंडघशी पडतो. शोकपत्रे, माफीची पत्रे, वरिष्ठांना लिहिलेले अर्ज, या सगळ्यांची भाषा ठरलेली असते. तुमच्या माणसाचे वेगळेपण शोधायचे तर तो साचा कुठे मोडतो ते बघा.

आता चार रकाने आखा. पहिल्यात तुमचे विधान, उदाहरणार्थ 'बापाचा धाक आयुष्यभर राहिला'. दुसऱ्यात त्याला आधार देणारा कागद. तिसऱ्यात तो कागद घटनेनंतर किती वर्षांनी झाला. चौथ्यात त्याच वागणुकीची मन सोडून दुसरी तीन कारणे : पैसा, आजारपण, वरून आलेला हुकूम, जातिबहिष्काराची भीती, जे लागू असेल ते. चौथा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही पुरेसे वाचलेले नाही. दुसरा रिकामा राहिला तर विधान खोडा, ते कितीही सुंदर असो.

उलटापालटीची एक चाचणीही करा. नायक बापाच्या सगळ्या आज्ञा पाळत होता असे समजा. तरीही तुम्ही 'बापाचा धाक' म्हणाल? आणि सगळ्या मोडल्या असत्या तर 'धाकाविरुद्धचे बंड' म्हणाल? दोन्हीला होय असेल तर त्या सूत्रातून काहीच सिद्ध होत नाही, कारण ते कधी चुकूच शकत नाही.

शेवटी क्रियापदे. 'त्याला अपमान वाटला' याच्या जागी 'त्याने भावाला लिहिले की आपला अपमान झाला'. 'ती आतून तुटली' याच्या जागी 'ती चार महिने सभेला आली नाही'. वाक्य जरा कोरडे होते खरे, पण वाचकाच्या हातात घटना राहते. स्वतःचा तर्क लिहायचाच असेल तर 'असा माझा तर्क आहे' हे उघड म्हणा, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीलाच म्हणा. शेवटी टाकलेले 'कदाचित' कोणी वाचत नाही.

प्रश्न : पण माणसाने स्वतःच्या तोंडाने बालपण सांगितले असेल तर?

तर ते कोणी लिहून घेतले, हे विचारा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे उदाहरण घ्या. आईने एका टणक कवचाच्या फळासाठी रक्त येईपर्यंत मारले, बापाच्या माराने मी पळालो, ही त्याची वाक्ये मनोविश्लेषक एरिक एरिकसनच्या 1958 च्या प्रसिद्ध पुस्तकात मोठा भार पेलतात. ही वाक्ये ल्यूथरच्या हातची नाहीत. जेवणाच्या मेजावर तो बोले, भोवतालची मंडळी जर्मन-लॅटिन मिसळीत टिपून घेत, आणि पहिली छापील आवृत्ती 1566 साली निघाली, ल्यूथरच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. बोलणारा पन्नाशीतला, गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, प्रसंग मुलांना शिक्षा किती करावी या चर्चेचा. तारुण्यात मठाच्या गायनस्थानी 'मी तो नव्हे' असे ओरडून तो कोसळला, ही गोष्ट तर त्याच्या विरोधकांकडून आली, भूतबाधा सुचवण्यासाठी. म्हणून ती खोटीच, असे नाही. पण ज्या कागदावर ती उभी आहे तो डुगडुगतो, आणि एरिकसनने नेमका त्यावरच पाय दिला.

प्रश्न : लेखक स्वतः मनोविकारतज्ज्ञ असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही ना?

तज्ज्ञाचे कौशल्य समोर बसलेल्या माणसाशी बोलण्यात असते. प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचे, तर्क चुकला तर रुग्णाच्या प्रतिसादातून ते कळायचे. मेलेला माणूस 'छे, तसे नव्हते' म्हणत नाही.

जिवंत माणसाच्या बाबतीतही लांबून निदान कसे फसते, याचे उदाहरण 1964 चे. अमेरिकेतल्या 'फॅक्ट' मासिकाने 12,356 मनोविकारतज्ज्ञांना विचारले, की अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या पात्र आहेत का. 2,417 जणांनी उत्तर दिले, त्यांतल्या 1,189 जणांनी नाही म्हटले. बहुतेकांनी त्यांना कधी तपासलेच नव्हते. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला जिंकला. नुकसानभरपाई 1 डॉलर आणि दंडात्मक रक्कम 75,000 डॉलर. 1973 साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने नियमच केला : स्वतः तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय कोणत्याही सार्वजनिक व्यक्तीच्या मनाबद्दल व्यावसायिक मत देऊ नये. मेलेल्यांसाठी असा खटला कोणी भरत नाही, म्हणून तिथे हात मोकळे सुटतात.

आणि तज्ज्ञाच्या आवडीनिवडी असतातच. अमेरिकेचा अध्यक्ष वुड्रो विल्सन याच्यावर फ्रॉइडने विल्यम बुलिट या मुत्सद्द्याबरोबर पुस्तक लिहिले. बुलिटने 1919 मध्ये व्हर्सायच्या तहावरून विल्सनवर चिडून राजीनामा दिला होता, आणि फ्रॉइडने प्रस्तावनेत कबूलच केले, की या माणसाबद्दल मला पहिल्यापासून तिटकारा होता.

प्रश्न : महंमद तुघलकाला 'वेडा महंमद' म्हणायची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्यात काही तथ्य?

वेड कोणी पाहिले, ते आधी बघू. दरबारी इतिहासकार बरनीने इतिहास पुरा केला 1357 साली, म्हणजे सुलतानाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, नव्या सुलतानाची मर्जी गमावून हलाखीत असताना. कवी इसामीने 1350 च्या सुमारास लिहिले ते बहमनी दरबारात, म्हणजे तुघलकाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या राज्यात. शिवाय दिल्लीहून दौलताबादला जाताना इसामीचे म्हातारे आजोबा वाटेत वारले होते. प्रवासी इब्न बतूता सुलतानाच्या संशयात सापडून बाहेर पडला, आणि त्याने 1355 मध्ये मोरोक्कोत हकिगत सांगून लिहवून घेतली. तिघांपैकी कोणीही तटस्थ नव्हता. तिघांचे एकमत त्यामुळे तीन पुराव्यांइतके भरत नाही.

वेडाचा हुकमी पुरावा म्हणून 1330 च्या सुमारासचे तांब्या-पितळेचे नाणे दाखवतात. धातूच्या किमतीपेक्षा अधिक दर्शनी किंमत, ही कल्पना वेडेपणाची नव्हती. चीनमध्ये कागदी चलन चालत होते, इराणात 1294 साली तसा प्रयत्न होऊन फसलाही होता. चूक तांत्रिक होती : नाणे सहज नक्कल करता येईल असे होते आणि सरकारी टाकसाळीचे वेगळेपण राखले गेले नाही. लोकांनी घरोघरी नाणी पाडली. सुलतानाने ती खजिन्यातून बदलून दिली. यात अविचार आहे, दूरदृष्टीचा अभाव आहे. मात्र वेड्याच्या डोक्यातून बदलून देण्याचा निर्णय निघाला, हे म्हणायला अडखळायला होते. त्याची क्रूरता खरी असू शकते, पण ती सांगायला निदानाची गरज नाही.

जवळचे उदाहरणही आहे. मल्हार रामराव चिटणीसाची बखर 1810 च्या सुमाराची, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच मृत्युदंड दिला होता. त्या बखरीतून 'स्वभाव' उचलून त्यावर मनोविश्लेषण चढवणाऱ्याने हे एक वाक्य आधी छापावे.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या मनाचा गुप्त अहवाल झाला आणि तो आत्महत्या करील हे भाकीत खरे ठरले. मग पद्धत चुकीची कशी?

वॉल्टर लँगरने 1943 मध्ये अमेरिकी हेरखात्यासाठी केलेला तो अहवाल 1972 साली पुस्तकरूपाने आला. त्यात हिटलरच्या शेवटाच्या आठ शक्यता होत्या : नैसर्गिक मृत्यू, वेड लागणे, खून, लष्करी उठाव वगैरे, आणि आत्महत्या सर्वांत संभाव्य. हे श्रेय लँगरचे, ते नाकारू नये. पण हरणाऱ्या, कैद टाळू पाहणाऱ्या हुकूमशहाबद्दल हे म्हणायला बालपणाची गरज पडते का? हिटलरने आत्महत्येची भाषा आधीच जाहीरपणे केलेली होती. आणि अहवालाच्या आधारांत हेरमान राउशनिंगची 'हिटलरशी संभाषणे' होती, जी नंतरच्या संशोधनात बहुतांशी रचलेली ठरली. निष्कर्ष बरोबर आला म्हणजे गणिताच्या पायऱ्या बरोबर असतातच असे नाही. शाळेत त्याचे गुण कापतात.

प्रश्न : बायपोलर, आत्ममग्न, स्किझोफ्रेनिक असे शब्द वाचकाला पटकन कळतात. वापरले तर काय बिघडले?

कळल्यासारखे वाटतात. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज घ्या. 1788-89 च्या आजाराला आधी उन्माद म्हणत. 1966 मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी, हे मायलेक होते, पोर्फिरिया या शारीरिक विकाराचे निदान केले. लघवीचा रंग वगैरे खुणा राजवैद्यांच्या टिपणांतून वेचल्या होत्या. ते निदान पाठ्यपुस्तकांत, नाटक-सिनेमांत रुजले. मग त्याच टिपणांच्या फेरतपासणीत दिसले की सोयीच्या नोंदी घेतल्या आणि गैरसोयीच्या सोडल्या, आणि कल पुन्हा उन्मादाकडे वळला. कागद तेच. त्या मधल्या चाळीस वर्षांत लिहिलेली चरित्रे मात्र मागे घेता आली नाहीत. वैद्यांनी जे पाहिले ते लिहा : 'दिवसचे दिवस झोप नाही, अखंड बडबड'. उद्या निदान बदलले तरी तुमचे वाक्य टिकेल.

विल्सनची गोष्ट याच जातीची. राष्ट्रसंघाच्या प्रश्नावर तो तसूभर हटेना, ते बापाच्या धाकामुळे, असे एक मत. पण 2 ऑक्टोबर 1919 ला त्याला पक्षाघाताचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली, आणि सिनेटने तह पहिल्यांदा फेटाळला नोव्हेंबरात. मेंदूवरच्या आघाताने हट्ट वाढतो, हे डॉक्टरांना नवे नाही. बापाकडे जाण्याआधी रक्तवाहिनीकडे बघायला हवे होते. अर्थात झटका येण्याआधीचा त्याचा हट्ट मग वेगळा समजावून घ्यावा लागतो, आणि तिथे सिनेटमधले पक्षीय राजकारण येते.

प्रश्न : दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळून हे ओळखता येईल का?

बऱ्याच अंशी. नायकाच्या बालपणाचे प्रकरण उघडा आणि 'असणार', 'नक्कीच', 'नकळत' हे शब्द एका पानावर किती वेळा येतात ते मोजा. तीनापेक्षा अधिक असतील तर त्या पानामागे कागद नाही. मग एखादी ठसठशीत आठवण निवडून ती कोणी आणि केव्हा सांगितली हे पुस्तकात आहे का बघा. विरोधकांचे प्रकरणही चाळा : नायकाच्या रागाला बालपण आणि विरोधकाच्या रागाला फक्त दुष्टपणा, असा पंक्तिभेद असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा.